एका आवाजाचे अर्थ : ‘क्लिक’पासून नादशब्दांच्या अभ्यासाकडे

इंग्रजीतला ‘क्लिक’ हा शब्द साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लिखाणात सापडतो. तेव्हा त्याच्याकडे एकच काम होते. दाराची कडी खोबणीत बसताना होतो तसा छोटा, कोरडा, तुटक आवाज त्याने सांगायचा. पुढच्या चारशे वर्षांत या शब्दाने अंगावर घेतलेली कामे मोजायला बसले की थक्क व्हायला होते. माउसचे बटण दाबणे म्हणजे क्लिक. फोटो काढणे म्हणजे क्लिक. दोन अनोळखी माणसांचे पहिल्याच भेटीत जुळले, तर ते क्लिक झाले. बराच वेळ न उमजलेले कोडे एकाएकी उलगडले, तर तेही क्लिकच झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या काही भाषांची व्यंजने, खोल समुद्रात भक्ष्य शोधणाऱ्या देवमाशाची हाक, रेणू जोडण्याची नोबेलप्राप्त रीत, बुटांचे चामडे कापणाऱ्या कारागिराचे नाव, इतकेच काय, स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून व्हिएतनामच्या युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या तोंडचा किलोमीटर, या सगळ्यांना हाच एक शब्द पुरला आहे. मराठीतही आता सिनेमा ‘क्लिक होतो’ आणि युक्ती डोक्यात ‘क्लिक होते’.

एवढा भार एका चिमुकल्या आवाजाने कसा पेलला, हा या प्रस्तावनेचा प्रश्न आहे. आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांच्या, म्हणजे नादशब्दांच्या, अभ्यासाकडे जे पहिल्यांदाच वळत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. भाषेचे विद्यार्थी, शिक्षक, अनुवादक, नाटकवाले, पक्षीनिरीक्षक आणि शब्दांचा नुसता लळा असलेले वाचक, सगळ्यांना इथे जागा आहे. या क्षेत्रात शिरायला मोठी पूर्वतयारी लागत नाही. कान उघडे हवेत आणि ऐकलेले जसेच्या तसे टिपून ठेवण्याची सवय हवी.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांची ओळख फार घाईने होते. अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार, त्यांतला तिसरा अनुकरणवाचक. उदाहरणे किरकिर, कडकडाट, गडगडाट. की झाला धडा. त्यामुळे हे शब्द म्हणजे भाषेच्या अंगणातली लहान मुले, मोठ्यांच्या बैठकीत त्यांचे काय काम, असा समज घेऊनच आपण बाहेर पडतो. तो समज चुकीचा आहे, हे दाखवायला मला ‘क्लिक’सारखा दुसरा साक्षीदार सापडत नाही.

या शब्दांविषयीचा वाद मात्र फार जुना आहे आणि त्याची पहिली नोंद आपल्याकडचीच म्हणावी लागेल. यास्काने ‘निरुक्त’ या शब्दव्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात कावळ्याच्या ‘काक’ या नावाची चर्चा केली. हे नाव आवाजाच्या अनुकरणातून आले आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा होते, असे त्याचे मत. लगेच पुढे त्याने औपमन्यव नावाच्या आचार्याचा विरोधही नोंदवला. आवाजाचे अनुकरण म्हणून शब्द होतच नाही. काक म्हणजे ज्याला हाकलून द्यावे लागते तो, असे औपमन्यवाचे म्हणणे. ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादातही वस्तूंची नावे निसर्गाने ठरतात की माणसांच्या संकेताने, यावर वाद घातला आहे. १८६१ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत भाषाभ्यासक मॅक्स म्युलरने भाषेचा उगम आवाजांच्या नकलेत शोधणाऱ्यांची टर उडवली आणि त्यांच्या विचाराला कुत्र्याच्या भुंकण्यावरून ‘बाउ-वाउ सिद्धान्त’ असे नाव ठेवले. पुढे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने, त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, असे शब्द थोडेच असतात आणि जे असतात तेही अर्धे संकेतानेच बनतात, असे सांगून हा विषय बाजूला सारला. त्याचे एक उदाहरण मोलाचे आहे. पिलाच्या चिवचिवाटावरून लॅटिनमध्ये ‘पिपिओ’ हा शब्द होता. त्याचा घासत घासत फ्रेंच ‘पिजाँ’ झाला, म्हणजे कबूतर. आज त्यातून कोणताही पक्षी ऐकू येत नाही.

सोस्यूरने हे उदाहरण अशा शब्दांच्या दुबळेपणाचा पुरावा म्हणून दिले. मला त्यात त्यांची ताकद दिसते. आवाज विरला तरी शब्द मेला नाही. त्याला दुसरा आधार सापडला होता. ‘क्लिक’च्या बाबतीत हा दुसरा आधार कोणता, ते पाहण्यासाठी आधी शब्दाची घडण बघू.

‘क्लिक’ उच्चारताना जिभेचा मागचा भाग दोनदा टाळूला टेकतो, सुरुवातीला आणि शेवटी. मध्ये एक आखूड, वरचा स्वर. शब्द बंद दारातून निघतो आणि बंद दारावर संपतो. इंग्रजीत याच सुरुवातीचे शब्द ओळीने उभे आहेत: क्लॅक, क्लँग, क्लँक, क्लिंक, क्लॅप, क्लॅटर, क्लॅश, क्लंक. स्वर बदलला की वस्तूचा आकार बदलतो. क्लिक छोट्या वस्तूचा, क्लॅक त्याहून मोठ्या, क्लंक जड आणि पोकळ वस्तूचा. शेवटी अनुनासिक आले की आवाज रेंगाळतो. क्लिंक म्हणजे काचेच्या पेल्यांचा, क्लँग म्हणजे घंटेसारख्या धातूचा. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. ते आजही वापरात आहे. याच ‘क्ल’ने सुरू होणारी आणखी एक इंग्रजी शब्दावळ आहे आणि तिच्यात आवाज नाही, पकड आहे: क्लिंग, क्लॅस्प, क्लच, क्लॅम्प, क्लेंच, क्लोज. चिकटणे, आवळणे, मिटणे. दोन्ही गटांचा उगम एक आहे असे मी म्हणत नाही. पण बोलणाऱ्याच्या कानात ते शेजारी शेजारी नांदतात. आवाज आणि पकड यांच्या सीमेवर उभा असणे, ही ‘क्लिक’ची भाग्यरेषा ठरली असावी असे मला वाटते.

आवाज तोच असला तरी प्रत्येक भाषा तो आपल्या मुळाक्षरांतून ऐकते. बटण दाबल्याचा आवाज जपानी माणसाला ‘काची’ असा ऐकू येतो, कोरियन माणसाला ‘त्तालक्काक’ असा. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ म्हणतो, हिंदी कवीला तोच ‘पी कहाँ’ विचारतो आणि इंग्रज साहेबाला उन्हाळ्याच्या काहिलीत ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. तांबट पक्ष्याच्या बाबतीत मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही कान एकाच आळीत पोहोचले. त्याची टुक् टुक् दोघांनाही तांबे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातोडीसारखी वाटली आणि दोन्ही भाषांनी पाखराला त्या कारागिराचेच नाव दिले.

आता अर्थांकडे वळू. कडीचा आवाज ऐकून माणूस आवाजाची नोंद घेत नाही. दार लागले, ही नोंद घेतो. हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. ‘क्लिक’मध्ये एक घटना भरलेली आहे: दोन भाग भेटले, एका क्षणात भेटले, नेमके भेटले आणि आधीची स्थिती संपून नवी सुरू झाली. शब्द पुढे जिथे जिथे गेला, तिथे तिथे त्याने हा सांगाडा नेला. आवाज सोबत आला तर आला.

इंग्लंडमध्ये बुटाच्या वरच्या भागाचे चामडे कापणाऱ्याला ‘क्लिकर’ म्हणत. चामड्यातून पाते निघताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले, असे सांगतात. पुढे हाताच्या जागी यंत्र आले, आवाज बदलला, तरी पादत्राणांच्या कारखान्यात, भारतातल्यासुद्धा, चामडे कापण्याच्या विभागाला ‘क्लिकिंग’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘देक्लिक’ म्हणजे यंत्राची कळ सुटणे आणि त्यावरून मनात एकदम प्रकाश पडणे. डच भाषेत ‘क्लिकेन’ म्हणजे दोघांचे सूर जुळणे, आणि शाळकरी मुलांच्या भाषेत चहाडी करणेही. इंग्रजीत मन जुळण्याचा अर्थ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सैनिकांच्या बोलीतून वर आला. तिथे कडीही नाही, खोबणीही नाही. उरले आहे ते नेमके बसणे.

याच सांगाड्याचा जीवनमरणाचा उपयोग १९४४ च्या जूनमध्ये झाला. नॉर्मंडीच्या अंधारात उतरलेल्या अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनच्या सैनिकांना धातूचे एक छोटे खेळणे दिले होते. बोटाने दाबले की ते वाजायचे. त्याचे नाव ‘क्रिकेट’, म्हणजे रातकिडा. झुडपामागे कोणी आहे असे वाटले की एकदा वाजवायचे. उत्तरात दोनदा वाजले तर माणूस आपला. शब्द नाही, भाषा नाही, तरी प्रश्न आणि उत्तर पुरे होत होते. छत्रीसैनिकांच्या या खेळण्याचा विचार केल्याशिवाय नादशब्दांविषयी लिहिणे मला अपुरे वाटते, कारण आवाज आणि अर्थ यांच्यातले अंतर इथे जवळजवळ शून्यावर आले होते.

भौतिकशास्त्रज्ञ गायगर आणि म्युलर यांनी १९२८ मध्ये बनवलेल्या किरणोत्सार मोजणाऱ्या नळीला ध्वनिक्षेपक जोडला, तर तिच्यातून शिरलेल्या कणांची नोंद क्लिक-क्लिक अशी ऐकू येते. एक कण, एक क्लिक. डोळ्यांना न दिसणारी घटना कानांना मोजता येते ती या आवाजाच्या तुटकपणामुळे. रेंगाळणारा आवाज असता तर मोजणी जमली नसती. स्पर्म व्हेल हा देवमासाही याच तुटकपणावर जगतो. हजारो फूट खोल, मिट्ट काळोखात तो क्लिक सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेतो. प्राण्यांच्या आवाजांत सर्वांत बुलंद म्हणून त्याची गणना होते. हेच देवमासे एकमेकांशी ‘बोलताना’ क्लिकचे ठरावीक तालातले गट वापरतात. अभ्यासक त्यांना ‘कोडा’ म्हणतात, आणि निरनिराळ्या कुळांचे कोडा निरनिराळे असतात. अमेरिकेतले डॅनियल किश यांची दृष्टी बालपणीच गेली. जिभेने क्लिक करून परतणाऱ्या आवाजावरून ते वाट काढतात आणि इतर अंध व्यक्तींनाही ते शिकवतात. म्हणजे क्लिक हा प्रश्नही असतो. उत्तर भिंत देते, झाड देते, खांब देतो.

संगणकाचा अध्याय सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट ठळक करतो. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्याआधी, १९६४ च्या सुमारास, त्यांच्या प्रयोगशाळेत बिल इंग्लिश यांनी बनवलेला पहिला माउस एका लाकडी ठोकळ्यात होता आणि त्याला एकच बटण होते. बटणाखालची बारीक पट्टी एका टोकावरून दुसऱ्यावर उसळते तो माउसचा क्लिक. इथवर शब्द आपल्या मूळ गावीच होता. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टीजाहिरात आली, तेव्हापासून क्लिक हे जाहिरातदाराच्या वहीतले एकक झाले. १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्राने दर क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. आवाजाला भाव आला. त्यानंतर टचस्क्रीन आली आणि बटणच गेले. काचेवर बोट टेकवताना काही वाजत नाही, तरी आपण ‘इथे क्लिक करा’ म्हणतो. काही लॅपटॉपचे टचपॅड आता हलतही नाहीत. आतले विद्युतचुंबक बोटाला सूक्ष्म धक्का देऊन दाबल्याचा भास निर्माण करतात. फोनच्या कॅमेऱ्यात यांत्रिक पडदा नाही, पण फोटो निघताना पडद्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजतो. पूर्वी शब्द आवाजाची नक्कल करत होता. आता यंत्र शब्दाची लाज राखण्यासाठी आवाजाची नक्कल करते. आपल्या पिढीने हे उलटे वळण प्रत्यक्ष पाहिले आणि त्याची नीट नोंद करण्याचे कामही आपलेच आहे.

रसायनशास्त्रात तर आवाजाचा मागमूसही नाही. बॅरी शार्पलेस यांनी हार्टमुथ कोल्ब आणि एम. जी. फिन यांच्यासह २००१ मध्ये ‘क्लिक केमिस्ट्री’चा जाहीरनामाच मांडला. दोन रेणू पटकन, हमखास आणि फारसा कचरा न सांडता जोडले जावेत, अशा अभिक्रियांचा छोटा संच निवडून त्यावरच भर द्यावा, हा त्यांचा आग्रह. पुढच्याच वर्षी कोपनहेगनचे मॉर्टेन मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे आढळले, की तांब्याच्या साहाय्याने अझाइड आणि अल्काइन हे दोन गट असेच अचूक एकत्र येतात. कॅरोलिन बर्टोझी यांनी ही जोडणी तांब्याविना, जिवंत पेशीत घडवून दाखवली. या तिघांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शार्पलेस यांचे ते दुसरे. रेणूंना कडीही नसते आणि कानही नसतात. तरीही नाव चपखल बसले, कारण रसायनशास्त्रज्ञांना हवे होते ते सगळे कडीच्या घटनेत आधीपासून होते: दोनच भाग, नेमकी बसणी, चटकन पूर्ण होणे आणि सहजी न सुटणे.

आता एक वेगळा धडा, जरा गंभीर. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत जिभेने केलेले क्लिक ही नेहमीची व्यंजने आहेत. खोसाच्या लिपीत रोमन सी, क्यू आणि एक्स ही अक्षरे त्यांना दिली आहेत. सी म्हणजे हळहळताना आपण करतो तो दातांमागचा च्च्. एक्स म्हणजे घोड्याला चालना देताना गालाच्या बाजूने काढतात तो. क्यू म्हणजे बाटलीचे बूच निघावे तसा. जिभेचा मागचा भाग आणि टोक दोन्ही टेकवून मध्ये हवा कोंडायची, जीभ थोडी खाली ओढून ती विरळ करायची आणि टोक सोडायचे, अशी ही रीत. बोट्स्वाना आणि नामिबियात बोलल्या जाणाऱ्या ‘ता’ या भाषेत तर बहुसंख्य शब्द क्लिकनेच सुरू होतात. जगात सर्वाधिक व्यंजने असलेल्या भाषांत ती मोजली जाते. ही व्यंजने मुळात खोइसान म्हटल्या जाणाऱ्या भाषांची. बांतू कुळातल्या खोसा-झुलूंनी ती शेजारातून घेतली. त्यामागे ‘ह्लोनिफा’ नावाच्या चालीचा हात होता, असे काही अभ्यासक मानतात. सुनेने सासऱ्याच्या नावातली अक्षरेदेखील उच्चारायची नाहीत, म्हणून त्या जागी दुसरा ध्वनी घ्यायचा. नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफूनच घेणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या लेकरांना ही चाल समजावून सांगावी लागू नये.

मिरियम माकेबा यांनी जगभर गायलेले खोसा लग्नगीत ‘क्लिक साँग’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचे खरे नाव ‘कोंगकोथ्वाने’, आणि नावातच क्यूचा क्लिक दोनदा येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी हे दुसरे नाव चिकटवले, असे माकेबा श्रोत्यांना सांगत. कोंगकोथ्वाने हा एक भुंगेरा आहे. तो आपले पोट जमिनीवर आपटून ठक् ठक् करतो आणि त्या ठकठकीवरूनच त्याचे खोसा नाव पडले आहे. म्हणजे एका भाषेने भुंगेऱ्याचा आवाज ऐकून नाव घडवले, दुसऱ्या भाषेने त्या नावाचाच आवाज ऐकून त्याला नाव दिले आणि मधला भुंगेरा हरवला. परक्या भाषेला नुसता आवाज समजणे ही जुनी खोड आहे. ग्रीकांना परकीयांची बोली ‘बर-बर’ वाटली आणि त्यातून ‘बार्बरोस’ निघाला. डच वसाहतवाल्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोई लोकांना ‘हॉटेंटॉट’ म्हटले. तेही त्यांच्या बोलण्याची नक्कल असावी असे मानतात, आणि आज तो शब्द अपमानकारक समजला जातो. नादशब्दांच्या अभ्यासकाने ही जखम विसरता कामा नये. ऐकणाऱ्याच्या हातात नाव देण्याची सत्ता असते.

आणि मराठी? ‘क्लिक’च्या सगळ्यात जवळ आपला ‘खट्’ येतो. त्याचा संसार पाहा. कळ किंवा चाप तो खटका; उंदराच्या सापळ्याला असतो, फाशीच्या तख्तालाही असतो. गायकीत स्वरांना दिलेला झटका तोही खटका. दोघांत वाजले की खटका उडतो. मनात भीती असते तो खटका. आणि जी गोष्ट जिथल्या तिथे वाटत नाही ती खटकते. इथे मला फार महत्त्वाचे काही दिसते. इंग्रजी कानाने कडीच्या आवाजात बसणे ऐकले आणि जुळणे, उमजणे इथपर्यंत मजल मारली. मराठी कानाने जवळपास त्याच आवाजात आदळणे ऐकले आणि शंका, बोच, भांडण इथवर तो गेला. त्यांना समजले की क्लिक होते. आपल्याला काहीतरी चुकते आहे असे वाटले की खटकते. ज्यांना वाटते की नादशब्दांचा अर्थ निसर्गच ठरवतो, त्यांनी या जोडीपाशी थांबावे. आवाज दार उघडून देतो. आत कोणत्या खोलीत जायचे ते भाषा ठरवते.

तसेच ‘चुकचुकणे’. पाल चुकचुकते आणि घरातले जुने माणूस बोटाने जमिनीवर टकटक करून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणते. माणसेही हळहळताना चुकचुकतात. पालीचा क्लिक आणि माणसाचा क्लिक मराठीने एकाच क्रियापदात ठेवले, आणि तिथून मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. पटकन, चटकन, झटकन यांत पट्, चट्, झट् हे मूळचे आवाज. आता कोणालाही ते ऐकू येत नाहीत, उरला आहे नुसता वेग. खणखणीत नाणे वाजवून पारखत, म्हणून खणखणीत उत्तर. आपल्याकडे तर आवाजच नसलेल्या अनुभवांनाही नाद दिला जातो: काळजात धस्स होते, चर्र होते, तारे लुकलुकतात, ऊन रखरखते. जपानी व्याकरणात प्रत्यक्ष आवाजाचे शब्द आणि अवस्थेचे शब्द यांना ‘गिओंगो’ आणि ‘गिताइगो’ अशी वेगळी नावे आहेत. मराठीच्या या संपत्तीला अजून तेवढीही वर्गवारी सर्वमान्य झालेली नाही. मराठी आंतरजालाच्या सुरुवातीच्या दिवसांत काही जण ‘येथे टिचकी मारा’ असे लिहीत. टिचकीत बोट होते, आवाज होता, क्षण होता. तो शब्द मागे पडला याचे मला मनापासून वाईट वाटते.

या अभ्यासाची पूर्वपीठिका आपल्याकडे भक्कम आहे. पाणिनीने अस्पष्ट ध्वनीच्या नकलेला ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले आणि अशा शब्दांना ‘करणे’ जोडताना काय होते याचा स्वतंत्र नियम केला. ‘पटपटाकरोति’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारून वाढवलेली १८५७ ची. खटखट, खणखण, कडकड यांसारखे शब्द त्याने आदराने नोंदवले आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीतल्या ध्वन्यात्मक शब्दांवर लिहिलेला निबंध त्यांच्या ‘शब्दतत्त्व’ या १९०९ च्या पुस्तकात आहे. कवीच्या कानाने केलेले ते खरे भाषाशास्त्र आहे. टर्नरच्या १९६६ च्या तौलनिक भारतीय-आर्य कोशात ‘खट्’सारख्या धातूंचा पसारा काश्मिरीपासून सिंहलीपर्यंतच्या भाषांत शोधता येतो. आणि भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले, की जोडीने येणारे हे नादशब्द भारतीय-आर्य, द्राविड आणि मुंडा अशा वेगवेगळ्या कुळांत समान आहेत. कुळे निराळी, पण शेजार एक. शेकडो वर्षे माणसांनी एकमेकांचे आवाज ऐकले, त्याची ही खूण.

नव्याने येणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, शब्द आवाजासारखा वाटतो म्हणून तो आवाजावरूनच निघाला, असे मानू नये. जुने रूप तपासावे, शेजारच्या भाषा पाहाव्यात. दुसरी, शब्द एकटा टिपू नये. तो कोणत्या वाक्यात, कोणत्या वस्तूविषयी, कोणी उच्चारला हे सोबत नसेल, तर नोंदीचे मोल निम्म्यावर येते.

शेवटी एक विनंती. पुण्याच्या तांबट आळीत, येवल्या-पैठणच्या मागांवर, सोलापूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गाळ्यांत, कोकण-गोव्याच्या मच्छीमारांच्या होड्यांवर आणि ऊसतोडणीच्या फडांवर माणसे रोज नादशब्द वापरतात. त्यांतले कितीतरी कोणत्याच कोशात नाहीत. तंजावरच्या मराठी घरांत आणि मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांत जुने शब्द टिकून असण्याची शक्यता आहे. तुम्ही यांपैकी कुठे राहत असाल, किंवा तिथे तुमचे कोणी असेल, तर वही आणि फोनचा ध्वनिमुद्रक घेऊन बसा. यंत्राचा आवाज मुद्रित करा, त्याच्याशेजारी कारागिराने त्याला दिलेला शब्द त्याच्याच तोंडून मुद्रित करा, आणि गाव, धंदा, तारीख लिहून ठेवा. यंत्रे झपाट्याने बदलत आहेत आणि जुन्या आवाजांना नावे देणारी माणसे म्हातारी होत आहेत. हे काम या वर्षीच सुरू करा.